शिकार बुटांची!

जूनचा पहिला पाऊस पडला, की ऑफिसच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कुणीतरी मेसेज टाकतोच, 'गाईज, धिस सॅटर्डे राजमाची?' एरवी एचआरच्या मेसेजला साधा अंगठाही न दाखवणारी मंडळी पाच मिनिटांत 'काउंट मी इन' म्हणून मोकळी होतात. गाडी कुणाची, नाश्त्याला कुठे थांबायचं, पोहे की मिसळ, सगळं फटाफट ठरतं. नवं विंडचीटर येतं, मोबाइलसाठी वॉटरप्रूफ पाऊच येतो. आणि शुक्रवारी रात्री अकरा वाजता प्रश्न पडतो, 'अरे, पण पायात काय घालायचं?'

मग कपाटातून निघेल ते निघेल. जिमचे रनिंग शूज, कॉलेजातले स्नीकर्स, नाहीतर धाकट्या भावाचे फुटबॉलचे स्टड्स. आणि शनिवारी दुपारी ग्रुपमधला एक जण तरी शेवाळलेल्या दगडावर बसून घोटा चोळत असतो.

हसण्यावारी नेण्यासारखी गोष्ट नाही बरं का ही. गडाच्या अर्ध्या वाटेवर पाय मुरगळला, की तिथे रिक्षा येत नाही. चौघांनी आळीपाळीने धरून खाली आणायचं, पावसात, अंधार पडायच्या आत. जमलं नाही तर लोणावळ्याच्या 'शिवदुर्ग मित्र'सारख्या संस्थेची पोरं स्ट्रेचर घेऊन वर चढतात. त्यांनाही तुमच्याआमच्यासारख्या नोकऱ्या असतात, घरी कुणी वाट बघत असतं. चांगल्या बुटांनी सगळेच अपघात टळत नाहीत, पण टळू शकणारे बरेचसे बुटांपाशीच टळतात. म्हणून यावेळचा विषय : शिकारीला जायचं, पण बुटांच्या!

नावात 'हंटर' आहे

शिकारीवरून आठवलं. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार बंद झाली. पण शिकाऱ्यांचं नाव सह्याद्रीत एका वस्तूने टिकवलं. ती वस्तू म्हणजे 'हंटर शूज'. तुमच्या काकाला किंवा ऑफिसमधल्या पंचेचाळिशीतल्या बॉसला विचारून बघा. कॉलेजात असताना ते हरिश्चंद्रगडावर गेले असतील, तर बहुतेक याच बुटांतून गेले असतील. ऑलिव्ह ग्रीन कॅनव्हास, घोट्याच्या वर जाणारी उंची, रबरी सोल आणि बांधता बांधता कंटाळा येईल एवढी लांब लेस. फौजी सामान विकणाऱ्या दुकानात किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात स्वस्तात मिळायचे. आतमध्ये गादी वगैरे लाड नाहीत. एकावर एक दोन मोजे चढवायचे आणि सुटायचं.

हा बूट एवढा का चालला? कॅनव्हास ओला व्हायचा, पण पाणी धरून ठेवायचा नाही. काटे आणि खडे घोट्याच्या वरच अडायचे. सोलचं रबर बऱ्यापैकी मऊ असल्याने दगडावर पाय चिकटायचा. आणि फाटला तर खिशाला चटका बसायचा नाही. म्हणजे ब्रँड, टेक्नॉलॉजी सगळं बाजूला ठेवून बघितलं, तर आपल्या डोंगरांना लागणाऱ्या बऱ्याच गोष्टी त्यात होत्या. फक्त गुडघ्यांचे हाल व्हायचे. टाचेखाली धक्का खाणारा थर जवळजवळ नव्हताच. विशीत ते जाणवत नाही. पस्तिशीत ऑफिसचा जिना उतरताना जाणवतं.

मिस्टर बीन यांचे शंभर जोड

आता खऱ्याखुऱ्या शिकारी बुटाची गोष्ट. अमेरिकेतल्या मेन राज्यात लिऑन लिओनवुड बीन नावाचे एक गृहस्थ होते. टीव्हीवरचे मिस्टर बीन वेगळे, हे वेगळे! शिकारीला जाऊन आले, की यांचे पाय दरवेळी ओले आणि थंडगार. चामड्याचे बूट जड व्हायचे, रबराचे बूट आत घामाने भिजायचे. त्यांनी सोपी आयडिया काढली. खाली रबर, वर चामडं, दोन्ही एकत्र शिवायचं. १९१२मध्ये त्यांनी 'मेन हंटिंग शू' या नावाने ते टपालाने विकायला सुरुवात केली. पसंत पडले नाहीत तर पैसे परत, अशी गॅरंटीही दिली.

पहिले शंभर जोड गेले. त्यातले नव्वद परत आले. शिवणीपाशी चामडं रबरापासून सुटत होतं.

दुसरा कुणी असता तर दुकानाचं शटर ओढून गायब झाला असता. बीनसाहेबांनी सगळ्यांचे पैसे परत केले, कर्ज काढलं, जोड सुधारला आणि पुन्हा विकायला काढला. शंभर वर्षं उलटून गेली तरी तो बूट आणि 'एल. एल. बीन' ही कंपनी दोन्ही आहेत.

हा किस्सा सांगायचं कारण, शंभर वर्षांपूर्वी जे झालं तेच आजही होतं. बूट मरतो तो जोडावर. वरचं कापड किंवा चामडं दिसायला झकास असतं, खालचा सोल दणकट असतो, पण दोघांचं लग्न टिकत नाही. दुकानात आपण रंग बघतो, लोगो बघतो, आरशात पाय बघतो. बघायचा असतो तो जोड.

तेव्हा बूट हातात घेतला, की आधी उलटा करा. सोल आणि वरचा भाग जिथे मिळतो, तिथे सगळीकडून अंगठा फिरवा. फट नको, गोंदाचे ओघळ नकोत, नख आत जायला नको. पुढच्या बाजूला, बोटांवर, रबराची टोपी आली असेल तर उत्तम. दगडावर पहिली ठेच तीच खाते. शिवलेला सोल असेल तर आणखी चांगलं, कारण तो पुढे बदलून घेता येतो. चिकटवलेला सोल वाईटच असतो असं नाही. आजचे बहुतेक हलके बूट चिकटवलेलेच असतात. फक्त त्यांचं आयुष्य गोंदाएवढं.

सोल-मेट

सोलवरची पिवळी अष्टकोनी खूण बघितली आहे? 'विब्रम'. ही कंपनी व्हिताले ब्रामानी या इटालियन गिर्यारोहकाच्या नावावरून आली. १९३५मध्ये आल्प्समध्ये त्याचे सहा साथीदार एका मोहिमेत गेले. तिथल्या थंडीला आणि बर्फाळ खडकाला त्यांची पादत्राणं पुरी पडली नव्हती, हे ब्रामानीच्या मनाने घेतलं. १९३७मध्ये त्याने रबराचा, खोल खाचांचा सोल आणला. रणगाड्याच्या पट्ट्यासारखा दिसतो म्हणून त्याचं नाव 'कारारमातो', म्हणजे रणगाडाच. १९५४मध्ये इटालियन टीम के-टूवर पहिल्यांदा पोचली, तेव्हा तिच्या पायात हे सोल होते.

पण मंडळी, आपला सह्याद्री म्हणजे आल्प्स नव्हे. आपल्याकडे काळा बेसॉल्ट, त्यावर पावसाळ्यात शेवाळ. मधल्या वाटेवर लाल चिखल. आणि पाऊस संपला की कोरडा घसारा, ज्यावरून पाय बेअरिंगवर ठेवल्यासारखा सुटतो. या तिघांच्या मागण्या वेगवेगळ्या.

चिखलाला खोल आणि लांब लांब खाचा हव्यात. जवळजवळ असतील तर चिखल आत बसतो आणि सोलची थाळी होते. घसाऱ्याला टाचेची कड धारदार हवी, उतरताना ती रुतते. आणि ओल्या दगडाला? तिथे खाचांपेक्षा रबराचा मऊपणा जास्त कामाला येतो. रबर जितकं कडक, तितका पाय घसरणार. दुकानात सोलवर नख दाबून बघा. जरा तरी दबलं पाहिजे. प्लॅस्टिकसारखं टकटक वाजत असेल तर बूट खाली ठेवा आणि पुढच्या रॅककडे चला. अर्थात मऊ रबर लवकर झिजतं. ते घालून रोज ऑफिसला जाल तर दिवाळीपर्यंत सोल गुळगुळीत.

आणखी दोन टेस्ट. बूट दोन हातांत धरून टॉवेल पिळतात तसा पिळा. सहज पिळला गेला तर खडकाळ वाटेवर तळवे दिवसभर बोंबलत राहतील. मग टोक आणि टाच धरून वाकवा. जिथे आपली बोटं वाकतात तिथेच तो वाकला पाहिजे. मधोमध घडी पडत असेल तर तो बूट मॉलसाठी ठीक.

हे सगळं झालं, तरी एक सत्य आहेच. पूर्ण शेवाळलेल्या, वाहत्या पाण्याखालच्या दगडावर कुठलाही बूट शंभर टक्के धरत नाही. जाहिरातीत काहीही दाखवू देत!

वॉटरप्रूफचा फंडा

शोरूममध्ये सगळ्यात जास्त खपणारा शब्द : वॉटरप्रूफ. आणि सगळ्यात जास्त फसवणाराही. त्यामागचं विज्ञान खरं आहे. गोर-टेक्ससारख्या पडद्याला अतिसूक्ष्म छिद्रं असतात. पाण्याचा थेंब त्यातून आत येत नाही, पण घामाची वाफ बाहेर जाते. हिमालयात, बर्फात, दवाने भिजलेल्या गवतात हा बूट म्हणजे वरदान.

आपल्या जुलैमध्ये मात्र गोष्ट उलटी होते. पाऊस वरून पडतो, पँटवरून ओघळतो आणि मोज्यावाटे सरळ बुटात उतरतो. ओढ्यात गुडघाभर पाण्यात उतरलात तर काय, दोन बादल्याच! आत आलेलं पाणी पडदा बाहेर जाऊ देत नाही. मग दिवसभर पायात मत्स्यालय घेऊन चालायचं. बाहेरची हवाच दमट असते, त्यामुळे वाफ बाहेर पडायचा वेगही मंदावतो. वर असा बूट घरी आल्यावर दोन दोन दिवस वाळत नाही.

तेव्हा साधा हिशेब ठेवा. फक्त पावसाळी ट्रेक करत असाल तर वॉटरप्रूफचे जादा पैसे वाचवा आणि जाळीदार, पटकन वाळणारा बूट घ्या. थंडीतले ट्रेक आणि वर्षातून एखादं हिमालयन प्रकरण असेल तर वॉटरप्रूफ जरूर घ्या. 'दोन्हीला चालेल' असं सेल्समनने सांगितलं, तर गोड हसा आणि विषय बदला.

घोट्याच्या वर जाणाऱ्या बुटांबद्दलही असंच. उंच बूट काटे, खडे अडवतात. गवतातून चालताना फुरसं किंवा घोणस यांच्यापासून थोडंफार संरक्षण देतात. पण उंच कॉलर म्हणजे पाय मुरगळणारच नाही, असं समजू नका. त्यासाठी टाच घट्ट बसणारा बूट, धरणारा सोल आणि घोट्याचे मजबूत स्नायू लागतात. तिसरी गोष्ट दुकानात मिळत नाही. ब्रश करताना एका पायावर उभं राहायची सवय लावा, फुकटात होते.

संध्याकाळी सहानंतर भेटा

बूट विकत घ्यायची योग्य वेळ म्हणजे संध्याकाळ. दिवसभरात पाय थोडे सुजलेले असतात, डोंगर चढतानाही ते सुजतातच. सकाळी अकराला परफेक्ट बसलेला बूट दुपारी तीनला चावायला लागतो. ऑफिस सुटल्यावर जा, ट्रेकचे जाड मोजे बॅगेत घेऊन जा. दुकानातल्या त्या पातळ, सार्वजनिक मोज्यांवर माप ठरवू नका.

लेस न बांधता पाय पुढे सरकवा. टाचेमागे एक बोट गेलं पाहिजे. मग पाय मागे घेऊन लेस बांधा. बोटं मोकळी हलली पाहिजेत, टाच मात्र उचलली जायला नको. मग उतार शोधा. काही दुकानांत लाकडी रॅम्प असतो, नसेल तर जिना असतोच. खाली उतरताना अंगठा पुढे आपटला, की तो बूट बाद. चार तासांच्या उतारावर अंगठ्याचं नख काळंनिळं होतं, आणि मग महिनाभर सॅंडल घालून क्लायंट मीटिंग!

'सर, वापरल्यावर लूज होतील' हे वाक्य तुम्ही ऐकणारच. चामडं थोडं सैल होतं, खरं आहे. पण ते रुंदीला. लांबी कमी पडली तर ती जन्मभर कमीच.

रुंदीचा मुद्दा आपल्यासाठी खासच. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने देशभरातल्या लाखभर लोकांच्या पावलांची मापं घेतली. भारतीय पावलं युरोपियन-अमेरिकन पावलांपेक्षा सरासरीने रुंद असतात, असं त्यातून दिसलं. त्यावरून आपल्यासाठी 'भा' नावाची वेगळी मापपद्धती सुचवल्याच्या बातम्या २०२४मध्ये आल्या. म्हणजे ब्रिटिश मापाचा आठ नंबर करंगळीला चावत असेल, तर दोष तुमच्या पायाचा नाही. एक नंबर वर जाण्याआधी तेच माप 'वाइड'मध्ये मिळतं का विचारा. नंबर वाढवला की लांबीही वाढते, आणि टाच आत डुगडुगते.

म्हणूनच पहिला जोड ऑनलाइन मागवू नका, असं मी म्हणेन. ऑफिसमधल्या एका मैत्रिणीने सेलमध्ये चाळीस टक्के ऑफ बघून मागवला, सोसायटीच्या पार्किंगमध्ये चालून बघितला आणि थेट कळसूबाईला गेली. शिड्या चढेपर्यंत ठीक होतं. उतरताना दोन्ही टाचांना फोड. चिखल लागलेला बूट परत कोण घेणार? तो आता बाल्कनीत आहे. त्यात तिने मनी प्लांट लावलाय.

खिशाचं गणित

आता मुद्द्याचं. किती घालवायचे? ढोबळमानाने बाजार तीन मजली आहे. तळमजल्यावर हजार-दीड हजारातले देशी ट्रेकिंग शूज. 'अ‍ॅक्शन'च्या जोडांनी तर सह्याद्रीत कित्येक पिढ्या चढवल्या-उतरवल्या. मधल्या मजल्यावर डेकॅथलॉनच्या क्वेचुआसारखे तीन ते सहा हजारांतले. आणि वर दहा हजारांच्या पुढचे इम्पोर्टेड, जे घेताना कार्ड स्वाइप करणारा हात थरथरतो. सप्टेंबर २०२५पासून २,५०० रुपयांपर्यंतच्या जोडावर जीएसटी ५ टक्के आणि त्यावरच्यावर १८ टक्के आहे. त्यामुळे २,४९९चा बोर्ड दिसला तर दचकू नका.

किंमत बघू नका, दर ट्रेकचा खर्च बघा. समजा, तुम्ही महिन्याला एक ट्रेक करता. सहा हजारांचा जोड चार वर्षं चालला, तर अठ्ठेचाळीस ट्रेक, म्हणजे प्रत्येकी १२५ रुपये. बाराशेचा जोड वर्षभर, बारा ट्रेक टिकला, तर प्रत्येकी १०० रुपये. फरक पंचवीस रुपयांचा, म्हणजे एका वडापावचा! त्या वडापावच्या बदल्यात गुडघ्याखाली चांगला थर, घट्ट टाच आणि धरणारा सोल मिळत असेल, तर महाग जोड खरं तर स्वस्तच.

पण तुम्ही वर्षाला दोनच ट्रेक करणारे असाल तर? तोच सहा हजारांचा जोड पाच वर्षांत दहा वेळा निघणार. प्रत्येकी ६०० रुपये. 'मग दहा वर्षं वापरू की' असं म्हणाल, तर इथे खरी मेख आहे. बुटांना वापराइतकंच वयही मारतं. बऱ्याच दणकट बुटांचा मधला थर पॉलियुरेथेनचा असतो. हवेतल्या ओलाव्याने तो आतून कुजत जातो. वर्षानुवर्षं खोक्यात ठेवलेला, नव्यासारखा दिसणारा बूट एक दिवस पायात घालावा आणि तासाभरात सोलचा भुगा व्हावा, असं होतं ते यामुळेच. मुंबईची हवा तर या कामात एकदम एक्स्पर्ट. म्हणजे 'एकदाच घेऊ, लाइफटाइम टिकेल' हा युक्तिवाद कमी चालणाऱ्यांना लागूच पडत नाही. त्यांनी तळमजल्यावरून घ्यावा, बिनधास्त.

आणि हो, वजन बघा. पायावरचं वजन पाठीवरच्या वजनापेक्षा कितीतरी जास्त दमवतं. प्रत्येक पावलाला तुम्ही ते उचलता. दणकट म्हणजे जड, हे समीकरण डोक्यातून काढून टाका.

सांभाळा, म्हणजे तो तुम्हाला सांभाळेल

नवा बूट आधी पंधरा दिवस घरात, मग टेकडीवर, मग सिंहगडावर. एकदम हरिश्चंद्रगडाची नळीची वाट नको. मोजे सुती नकोत. ते घाम पितात आणि ओलेच राहतात, आणि ओल्या कातडीवर घर्षण म्हणजे फोड. सिंथेटिक किंवा लोकरीचे घ्या, एक जोड जादा ठेवा. निघायच्या आदल्या दिवशी नखं कापा.

ट्रेकहून आल्यावर ओला बूट डिकीत विसरू नका. चिखल धुवा, आतली गादी काढून वेगळी वाळवा, बुटात वर्तमानपत्राचे बोळे कोंबा आणि पंख्याखाली ठेवा. गॅसजवळ, हेअर ड्रायरने किंवा कडक उन्हात वाळवलात तर गोंद सुटतो. खोक्यात बंद करून माळ्यावर तर टाकूच नका. अधूनमधून घालून खाली दूध आणायला जा, बूट जास्त जगेल.

स्वस्त, जाळीदार जोड असेल तर नवा असतानाच कोपऱ्यावरच्या मोचीकाकांकडून सोलला कडेने टाके मारून घ्या. आयुष्य एक सीझन तरी वाढतं. वॉटरप्रूफ बुटाला मात्र सुई लावू देऊ नका, तेवढ्या छिद्रांतून पाणी आत. आणि सॅकच्या कप्प्यात एक जादा लेस आणि थोडी नायलॉनची दोरी असू दे. सोल सुटला तर पायाभोवती गुंडाळून घरापर्यंत येता येतं.

पुढच्या वेळी गडाच्या पायथ्याशी एक गोष्ट जरूर बघा. वाट दाखवायला येणारे गावातले मामा बहुतेक वेळा साध्या रबरी चपलेत असतात, आणि आपल्या पुढे भराभर चढून वरती थांबलेले असतात. त्यांच्या पायांना ती वाट लहानपणापासून पाठ आहे, पाऊल कुठे ठेवायचं हे त्यांना बघावंही लागत नाही. आपले पाय आठवडाभर एसीत, टेबलाखाली असतात. त्यांना शनिवारी मदत लागते. ती कुठल्या ब्रँडची असावी हा मुद्दा नाही, ती मापाची आणि धरणारी असावी. या शुक्रवारी ऑफिस सुटल्यावर जा, जिन्यावरून दोनदा उतरून बघा. ग्रुपवरचं 'काउंट मी इन' त्यानंतर टाका.